दिव्यांच्या निरोपाला वेगळी वाट

रंगमंचावर प्रकाश चालवणाऱ्या माणसाची मागणी फार साधी असते. हात खाली आला की दिवा खाली आला पाहिजे. हात आणि दिवा यांच्या मधे काय काय आहे, याचा विचार प्रयोग चालू असताना त्याला करावा लागू नये. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या मधल्या जागेत बरंच काही येऊन बसलं आहे: स्विच, राउटर, नोड, वायफाय, त्यांचे पत्ते, त्यांचे पासवर्ड आणि कुणी कधी बदललं हे कुणालाच ठाऊक नसलेलं एखादं सेटिंग. हे पुस्तक त्या मधल्या जागेबद्दल आहे. त्यातही ते एकाच प्रश्नाला धरून बसतं: दिव्यांना जाणारा निरोप आणि त्याच इमारतीतला बाकीचा संगणकी व्यवहार एका वायरीवर नांदू द्यावा का, आणि द्यायचा नसेल तर तो वेगळा काढायचा कसा?

एके काळी हा प्रश्नच नव्हता. कंट्रोल बोर्ड आणि डिमर यांच्यात दर डिमरमागे एक वायर असे आणि तिच्यावर शून्य ते दहा व्होल्ट. पाच व्होल्ट दिले की दिवा अर्ध्यावर. साठ डिमर म्हटले की साठ वायरी आणि एक कॉमन, अशी जाडजूड मल्टिकोअर केबल प्रेक्षागृहाच्या मागून रंगमंचापर्यंत ओढायची. १९७५ साली ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’साठी थॅरन मसर यांनी मेमरी असलेला संगणकी कन्सोल वापरला आणि क्यू लक्षात ठेवायचं काम माणसाकडून यंत्राकडे जाऊ लागलं. १९८१ मध्ये बार्सिलोनाला जेनेसिस या बँडच्या कार्यक्रमात व्हेरी-लाइटचे फिरणारे दिवे पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आले. आता दिव्याला नुसतं ‘किती पेट’ एवढं सांगून भागेना. किती वळ, किती झुक, कोणता रंग घे, हेही सांगणं आलं. प्रत्येक कंपनीने त्यासाठी आपापली बोली काढली आणि एकीचा कन्सोल दुसरीच्या डिमरशी बोलेनासा झाला.

१९८६ मध्ये युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट फॉर थिएटर टेक्नॉलॉजी या अमेरिकी संस्थेने सगळ्यांसाठी एकच बोली ठरवून दिली, ती डीएमएक्स५१२. एका वायरीवरून ५१२ आकडे, प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यातला, एकापाठोपाठ एक जायचे. संपले की पुन्हा पहिल्यापासून. वेग सेकंदाला अडीच लाख बिट, म्हणजे पूर्ण ५१२ आकड्यांच्या सेकंदाला साधारण ४४ फेऱ्या. बोलणारा एकच, ऐकणारे एका वायरीवर बत्तीसपर्यंत. मूळ डीएमएक्समध्ये दिव्याने उलट उत्तर द्यायची सोय नव्हती, आणि आकडा वाटेत बिघडला तर ओळखायची सोय तर आजही नाही. लाइनच्या शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर लावायचा, झालं. संगणकाचं शिक्षण घेऊन आलेली मुलं हे पहिल्यांदा ऐकतात तेव्हा नाक मुरडतात.

तरीही जवळजवळ चाळीस वर्षं ही व्यवस्था टिकून आहे आणि तिच्या टिकण्याचं एक मोठं कारण तिच्या तांत्रिक गुणांत नाहीच. त्या वायरीवर दुसरं कुणी नसतं. तिकीट खिडकीचा प्रिंटर तिच्यावर येत नाही, सीसीटीव्ही येत नाही, व्यवस्थापकांचा लॅपटॉप विंडोज अपडेट घ्यायला येत नाही. मूळ प्रमाणात पाच पिनांचा कनेक्टर ठेवला तोही याचसाठी, की ध्वनीवाल्यांची तीन पिनांची वायर चुकूनसुद्धा लागू नये. (आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या पुष्कळ दिव्यांना तीन पिनाच असतात आणि माइकची केबल सर्रास जोडली जाते, तो वेगळाच वैताग.) हे वेगळेपण डीएमएक्सच्या वायरीने सगळ्यांना फुकटात दिलं होतं, म्हणून त्याची किंमत कुणी केली नाही. दिवे इथरनेटवर आले आणि ते हातचं गेलं. आता ते ठरवून, खर्च करून, लक्ष ठेवून मिळवावं लागतं. पुस्तकाचा गाभा म्हणून मला विचाराल तर मी एवढंच सांगेन.

इथरनेटवर येणं टाळता आलं असतं का? नाही. फिरत्या दिव्याला, म्हणजे आपल्या मंडपवाल्यांच्या भाषेत शार्पीला, वीसेक चॅनल, म्हणजे त्या ५१२ मधले वीसेक आकडे, लागतात. त्याहून गुंतागुंतीचा असेल तर तीस-चाळीस. तीन रंगांच्या एलईडी पिक्सेलला तीन चॅनल, म्हणजे ५१२ च्या एका युनिव्हर्समध्ये १७० पिक्सेल बसतात. दहा मीटर रुंद, चार मीटर उंच असा पिक्सेलचा पडदा घ्या, दर दहा सेंटिमीटरवर एक ठिपका. चार हजार पिक्सेल झाले आणि चोवीस युनिव्हर्स लागली. चोवीस डीएमएक्स वायरी ओढायच्या की एक लॅन केबल, याचं उत्तर कुणीही देईल. १९९८ मध्ये लंडनच्या आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीच्या वेन हॉवेल यांनी आर्ट-नेट काढलं आणि ते कुणालाही वापरायला मोकळं ठेवलं. पुढे २००९ मध्ये ई१.३१ हे अमेरिकी प्रमाण आलं, ज्याला सगळे एस-ए-सी-एन म्हणतात. दोन्हींचं काम एकच: डीएमएक्सचे तेच ५१२ आकडे पाकिटात घालून इथरनेटवर सोडायचे. दिव्यांपाशी ती पाकिटं उघडून पुन्हा डीएमएक्स काढून देणारा डबा म्हणजे नोड.

पण पाकिटं सोडण्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण ऑफिसचं नेटवर्क ज्या सवयींवर चालतं त्या इथे उपयोगाच्या नाहीत. ईमेल वाटेत अडली तर ती थोड्या वेळाने पुन्हा पाठवली जाते आणि तुमचं काही बिघडत नाही. फाइलचा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. दिव्यांच्या पाकिटांना ही सोय मुद्दामच ठेवलेली नाही. कीर्तनात टाळकऱ्याचा एखादा ठोका चुकला तर तो नंतर वाजवून भरून काढता येत नाही, उलट ताल जास्त बिघडतो. तसंच हे आहे. हरवलेलं पाकीट गेलं ते गेलं, त्याच्या मागून पुढचं येतच असतं. जुना आकडा उशिरा पोचण्यापेक्षा न पोचलेला बरा. त्यामुळे वाट मोकळी असणं हीच या सगळ्याची एकमेव हमी.

वाट मोकळी नसली तर काय दिसतं? समजा, शेवटच्या प्रवेशात दहा सेकंदांचा संथ फेड आहे, पूर्ण प्रकाशापासून अंधारापर्यंत. २५५ पायऱ्या दहा सेकंदांत उतरायच्या, म्हणजे सेकंदाला पंचवीसेक. दर सेकंदाला चाळीसहून जास्त पाकिटं येत असतात, त्यामुळे एखाद-दुसरं गेलं तर डोळ्याला कळत नाही. पण स्विचवर कुणीतरी मोठी व्हिडिओ फाइल ओढायला घेतली आणि अर्ध्या सेकंदाची पाकिटं अडली, तर दिवा एकदम बारा-तेरा पायऱ्या खाली उडी मारतो. जुन्या हॅलोजनची तार तापलेली असायची, ती थंड व्हायला वेळ घ्यायची आणि त्यात असे बारीक झटके विरून जायचे. एलईडीला तो आळस नाही. दिव्यातच सावकाश सरकायची सोय केलेली नसेल, तर प्रत्येक झटका शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो. आणि अडीच सेकंद काहीच आलं नाही, तर एस-ए-सी-एनच्या नियमाने पाठवणारा हरवला असं धरलं जातं. मग दिवा आहे तिथे गोठतो, विझतो की स्वतःच्या पोटातला रंगीबेरंगी डेमो सुरू करतो, हे त्याच्या मेनूत पूर्वी कुणी काय निवडून ठेवलं आहे त्यावर अवलंबून. करुण प्रवेशात दिव्याने डेमो सुरू करणं म्हणजे काय, ते ज्याने पाहिलं आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

इथे आयटीची मंडळी एक रास्त प्रश्न विचारतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. डेटा आहेच किती? हिशेब करून पाहा. एका भरलेल्या युनिव्हर्सचं पाकीट, वरच्या सगळ्या वेष्टणांसकट, सातशे बाइटच्या आसपास. सेकंदाला ४४ पाकिटं धरली तर पाव मेगाबिट. शंभर युनिव्हर्स म्हणजे पंचवीस मेगाबिट. गिगाबिटच्या लाइनला हे काहीच नाही. “एवढंच ना, टाका आमच्याच लाइनवर,” असं ते म्हणतात आणि गणितात त्यांची चूक नसते. चूक असते ती अडचण फक्त प्रमाणाची आहे असं धरून चालण्यात. प्रश्न किती डेटा जातो याचा कमी आणि तो कुणाकुणाच्या दारात जाऊन पडतो याचा जास्त आहे.

आर्ट-नेटची सुरुवातीची रीत सरसकट सगळ्यांना पाठवायची होती. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राने प्रत्येक पाकीट घ्यायचं, उघडायचं, आपलं नाही म्हणून फेकायचं. शंभर युनिव्हर्सची सेकंदाला ४,४०० पाकिटं होतात. कन्सोलला त्याचं काही वाटत नाही. पण हजेरीच्या अंगठा-यंत्रात, पावतीच्या प्रिंटरमध्ये, स्वस्तातल्या नोडमध्ये जो चिमुकला प्रोसेसर असतो त्याचा जीव यातच जातो. म्हणजे वेगळं ठेवणं हे फक्त दिव्यांच्या भल्याचं नाही. खिडकीवर तिकीट अडून रांग खोळंबते तेव्हा त्याचं कारण आत चाललेल्या तालमीतला पिक्सेलचा पडदा असू शकतो. वायफायवर तर विचारूच नका. सगळ्यांसाठी असलेलं पाकीट सगळ्यात लांबच्या फोनलाही ऐकू जावं म्हणून वायफाय ते आपल्या सर्वांत मंद वेगाने पाठवतं. मूठभर युनिव्हर्स हवेत गेली की बाकीच्यांना बोलायला जागा उरत नाही.

एस-ए-सी-एनने यावर तोड काढली. प्रत्येक युनिव्हर्सला स्वतःचा गट-पत्ता, २३९.२५५ ने सुरू होणारा. ज्या नोडला तीन नंबरचं युनिव्हर्स हवं असेल त्याने तेवढंच मागायचं. शहाणा स्विच कुणी काय मागितलं ते ऐकून ठेवतो आणि त्या-त्या पोर्टलाच ती पाकिटं देतो. या ऐकून ठेवण्याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. रचना उत्तम आहे, आणि प्रकाशवाल्यांच्या आयुष्यातला सर्वांत चक्रावून टाकणारा बिघाड नेमका हिच्यातूनच निघतो. पुस्तकात त्यावर आठ पानं आहेत, ती कमीच पडतात.

बिघाड असा. स्विच नोंद करतो, पण ती कायमची नसते. नेटवर्कवर कुणीतरी अधूनमधून ‘अजून कुणाला काय हवं आहे?’ असं विचारायचं असतं. नेहमीच्या मांडणीत दर १२५ सेकंदांनी. या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. त्याने विचारलं की नोड पुन्हा हात वर करतात आणि नोंद ताजी होते. विचारणाराच नसेल, तर पुष्कळ स्विच २६० सेकंदांनी नोंद पुसून टाकतात आणि पाकिटं द्यायचं थांबवतात. आता घडतं ते पाहा. दुपारी दिवे जोडले, नोड चालू केले, नोडांनी चालू होताना आपण होऊन मागणी नोंदवली, सगळे दिवे पेटले. चॅनल तपासून झाले. सगळे चहाला गेले. परत आले तर दिवे गोठलेले. कुणीतरी नोडची वायर काढून परत लावली. नोडने पुन्हा मागणी नोंदवली, दिवे चालू. “लूज कनेक्शन होतं,” असं ठरलं. चार मिनिटं वीस सेकंदांनी पुन्हा तेच. मग वायर बदलली जाते, नोड बदलला जातो, कन्सोलवर संशय जातो, तिसरी घंटा होते. आणि मूळ कारण काय, तर इतके दिवस तो प्रश्न विचारायचं काम ऑफिसच्या खोलीतला एक जुना राउटर बिनबोभाट करत होता आणि इंटरनेट हळू चालतं म्हणून तो कुणीतरी बदलला. रंगमंचावरच्या दिव्यांचा श्वास व्यवस्थापकांच्या टेबलाखालच्या डब्यावर चालला आहे, हे प्रकाशवाल्यालाही माहीत नव्हतं आणि राउटर बदलणाऱ्यालाही. दिव्यांचा स्विच वेगळा असता, तर क्वेरिअर त्यातच चालू करून ठेवता आला असता आणि तो कुणी बदलला नसता.

पत्त्यांची गोष्टही अशीच आहे. आर्ट-नेटने आपल्या यंत्रांसाठी २ ने सुरू होणारे पत्ते घेतले. १९९८ साली जगात ते कुणालाच वाटलेले नव्हते, त्यामुळे कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. २००९ मध्ये तो गट युरोपच्या वाटपात गेला आणि आज तिथल्या खऱ्याखुऱ्या ग्राहकांकडे ते पत्ते आहेत. तुमचं दिव्यांचं जाळं बंद खोलीत असेल तर याने काडीचा फरक पडत नाही. ते इंटरनेटच्या राउटरला जोडलंत, तर कधी कुठलं पाकीट कुठे जाईल याचा भरवसा नाही. आर्ट-नेटचा दुसरा पर्याय १० ने सुरू होणारे पत्ते, आणि नेमके तेच अनेक मोठ्या कार्यालयांत आधीपासून वापरात असतात. दोन यंत्रांना एकच पत्ता मिळाला की दोघंही अर्धवट चालतात, हा अर्धवटपणा शोधायला सर्वांत जास्त वेळ जातो.

आता कुलपाबद्दल. आर्ट-नेट आणि एस-ए-सी-एन दोन्हींमध्ये ‘तू कोण?’ असं विचारायची पद्धत नाही. पासवर्ड नाही, ओळख नाही. त्या नेटवर्कवर ज्याला जागा मिळाली तो दिव्यांना हुकूम देऊ शकतो. एस-ए-सी-एनमध्ये पाठवणाऱ्याला ० ते २०० असा प्राधान्याचा आकडा असतो, नेहमीचा १००. कुणी २०० लावून पाठवू लागला की तुमचा कन्सोल बाजूला पडतो. हे मुद्दाम कुणी करेल अशी धास्ती मी घेत नाही. नाटकाच्या इमारतीत दुष्टपणापेक्षा विसराळूपणा जास्त असतो. सकाळी एकांकिकेच्या मुलांनी लॅपटॉपवरच्या फुकट सॉफ्टवेअरने दिवे चालवले, लॅपटॉप विंगेत तसाच चालू राहिला. संध्याकाळच्या प्रयोगात कन्सोल आणि तो लॅपटॉप दोघंही पाठवत आहेत. नोडला दोन आकडे मिळाले की पुष्कळदा तो मोठा आकडा घेतो. कन्सोल म्हणतो शून्य, लॅपटॉप म्हणतो चाळीस टक्के, चाळीस टक्के जिंकतो. ब्लॅकआऊट होतच नाही. पात्रं अंधारात निघून जाण्याऐवजी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खुर्च्या उचलत आहेत, आणि प्रकाशवाला मास्टर खाली ओढून ओढून थकला आहे.

तर वेगळं करायचं. कसं? इथे माझं लेखकद्वयाशी पूर्ण जमत नाही, आणि त्यांनीच ‘मनातलं लिहा’ असं सांगितल्यामुळे लिहितो. दोघांपैकी एकाची कारकीर्द विंगेत गेली, दुसऱ्याची एका मोठ्या कंपनीच्या नेटवर्क विभागात, आणि चौथ्या प्रकरणात दुसऱ्याचं पारडं जड झालं आहे असं मला वाटतं. तिथे व्हीलॅनचा पुरस्कार आहे. एकाच स्विचवर, एकाच वायरीवर, प्रत्येक पाकिटाला चिठ्ठी लावून वेगवेगळी जाळी चालवायची. १९९८ च्या ८०२.१क्यू प्रमाणात या चिठ्ठीला बारा बिट दिले आहेत, त्यामुळे ४,०९४ जाळी काढता येतात. मोठ्या, कायमस्वरूपी वास्तूत हे बरोबर आहे. भिंतीतून फायबर एकदाच टाकायचा, त्यावर दिवे, ध्वनी, चित्र, तिकीट सगळं वेगवेगळं चालवायचं, दिव्यांना प्राधान्य द्यायचं, आणि हे सांभाळायला पगारावर माणूस ठेवायचा.

माझी अडचण त्या शेवटच्या अटीपाशी आहे. आपल्या बहुसंख्य नाट्यगृहांत तो माणूस नाही. व्हीलॅन सेटिंगमध्ये असतो, डोळ्यांना दिसत नाही. स्विचवरचे चोवीस पोर्ट बाहेरून सारखेच दिसतात. पाचवा दिव्यांचा आणि सहावा ऑफिसचा हे कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद कपाटात, कपाटाची किल्ली सुट्टीवर. शिवाय व्हीलॅन वेगळे असले तरी स्विच एकच, त्याचा प्लग एकच आणि त्याचं अपडेट एकाच वेळी. प्रयोगाच्या मध्यात तो पुन्हा सुरू झाला तर चिठ्ठ्या लावलेल्या असून काय उपयोग? त्यापेक्षा दिव्यांसाठी स्वतंत्र स्विच, स्वतंत्र रंगाची केबल, आणि बाकी कशालाही न जोडलेली. हिरवी केबल दिव्यांची, एवढं हमालालाही कळतं. टॉर्चच्या उजेडात, घंटा होत असताना तपासता येतं ते हेच. पैसे थोडे जास्त जातात, पण सध्याच्या भावाने एका चांगल्या फिरत्या दिव्याच्या किमतीत असे स्विच अनेक येतात.

स्वतंत्र स्विच घेतला म्हणजे झालं, असंही नाही. स्विच हुशार असला तर त्यात स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. वायर गोल फिरून स्वतःकडेच आली तर जाळं कोलमडू नये म्हणून. तिच्या जुन्या पद्धतीत नवी वायर लावली की पोर्ट तीस सेकंद बंद राहून आधी अंदाज घेतो. हे माहीत नसलेला माणूस दहा सेकंद थांबतो, ‘वायर मेली’ म्हणून काढतो, परत लावतो, आणि तीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. नोड जिथे लागतात त्या पोर्टवर ही वाट पाहणं बंद करायचं असतं. कसं, ते पाचव्या प्रकरणात चित्रांसकट दिलं आहे.

ध्वनीवाल्यांचं दुखणं आपल्यासारखंच आहे, किंबहुना जास्त तीव्र. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीचं डान्टे आज सगळीकडे आहे आणि त्याला सगळ्या यंत्रांची घड्याळं मिलिसेकंदाहूनही बारीक जुळलेली लागतात. वीज वाचवणारं इथरनेट नावाची सोय स्विचमध्ये चालू राहिली तर त्यांचा आवाज तुटतो, म्हणून ते ती आधी बंद करतात. दिवे आणि ध्वनी हे दोघं एकमेकांचे शेजारी असावेत, पण एका खोलीत नसावेत, याबाबत पुस्तकाशी मी सहमत आहे. टाइमकोड, एखादा क्यूचा इशारा, पडद्यावरच्या चित्राशी मेळ, अशा कामांसाठी त्यांना जोडावं लागतं. मग एकच दार ठेवावं, ते कुठे आहे हे लिहून ठेवावं, आणि त्यातून लागेल तेवढंच जाऊ द्यावं. कन्सोल दुरुस्तीसाठी कंपनीच्या माणसाला इंटरनेटवरून आत घ्यायचं असेल तर तालमीच्या वेळी, समोर बसून, आणि काम झालं की केबल काढून.

पुस्तकाचं सातवं प्रकरण रंगमंच सोडून इमारतींकडे जातं. कार्यालयांत, इस्पितळांत, मॉलमध्ये दिवे डाली या पद्धतीने चालतात. एका लाइनवर ६४ यंत्रं, वेग सेकंदाला अवघा १,२०० बिट. पण वरच्या बाजूला ती लाइन हमखास इमारतीच्या नेटवर्कला जोडलेली असते. तिथे चिंता फेड अडखळण्याची नसून चोरवाटेची आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांचा तपशील चोरीला गेला, आणि चोर आत आले ते वातानुकूलनाचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनमधून. २०१६ मध्ये इस्राएल आणि कॅनडातल्या संशोधकांनी घरगुती स्मार्ट बल्बांत एका दिव्यातून शेजारच्या दिव्यात स्वतःच पसरत जाणारा किडा करून दाखवला. हे प्रकरण मला घाईत उरकल्यासारखं वाटलं, पण त्याचं स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं हे लेखकांनाही मान्य आहे.

आपल्या रंगभूमीला यातलं किती लागतं? सगळ्यांना सगळं लागत नाही, हे आधी सांगायला हवं. दोन अंकी कौटुंबिक नाटक, वीस-पंचवीस दिवे, एखाद-दोन युनिव्हर्स, तेवढ्यासाठी नेटवर्कच्या भानगडीत पडू नये. चांगली डीएमएक्स वायर, शेवटी टर्मिनेटर, प्रयोग निर्वेध. इथरनेट लागतं ते प्रकाशयोजना वाढली की, आणि नाट्यगृहाने स्वतःची यंत्रणा बसवली की. तिथे आपली खास अडचण पुढे येते. एकाच दिवशी एका नाट्यगृहात सकाळी बालनाट्य, दुपारी एक प्रयोग, रात्री तिसरा. प्रत्येक संस्थेचा प्रकाशवाला आपला लॅपटॉप, आपला नोड, आपले पत्ते घेऊन येतो, आणि मधे मिळतात दोन तास, त्यात नेपथ्यही लागायचं असतं. अशा ठिकाणी दिव्यांच्या जाळ्यात शिरायला एकच ठरलेली जागा हवी, आणि आलेल्याच्या हातात पत्त्यांचा एक छापील कागद. सीसीटीव्हीच्या कंत्राटदाराला जवळच्या स्विचवर रिकामा पोर्ट दिसला की त्याला राहवत नाही. तो पोर्ट बंद करून ठेवणं आणि निविदेत ‘प्रकाशयंत्रणेच्या स्विचला अन्य कोणतेही उपकरण जोडू नये’ हे एक वाक्य घालणं, याला काही खर्च नाही.

गणेशोत्सवातल्या मंडपांनाही हे पुस्तक लागू पडतं, जरी लेखकांनी त्यांचा उल्लेख ओझरताच केला आहे. पिक्सेलची महिरप, तिचा कंट्रोलर, आरतीचं लाइव्ह प्रक्षेपण आणि कार्यकर्त्यांचे फोन हे सगळं एका स्वस्त राउटरवर असतं. आरतीचं लाइव्ह सुरू झालं की महिरपीतली लाट अडखळते, आणि दोष पिक्सेलवाल्याच्या मालाला दिला जातो. दुसरा एक साधा स्विच घेऊन लॅपटॉप आणि कंट्रोलर तेवढे त्यावर ठेवले की बहुतेक वेळा भांडण मिटतं.

एक इशारा पुस्तकात आहे, तो मी ठळक करून सांगतो. जाळं कितीही वेगळं, कितीही चोख केलं तरी आतषबाजी, वरखाली होणारं जड नेपथ्य, किंवा जिथे चुकलं तर माणसाला इजा होईल असं काहीही डीएमएक्सच्या आकड्यांवर चालवायचं नाही. चूक ओळखायची सोय नसलेली ही भाषा आहे, आणि तिचं प्रमाणच तसं बजावतं. बाहेर पडायच्या मार्गावरचे आपत्कालीन दिवेही तिच्या भरवशावर नकोत. हल्ली एका कन्सोलवरून सगळं चालवायची हौस वाढली आहे, म्हणून हे पुन्हा लिहावं लागतं.

वाचायचा क्रम म्हणाल, तर रंगमंचावर काम करणाऱ्यांनी आधी पाचवं आणि सहावं प्रकरण घ्यावं. पाकिटांची रचना वगैरे नंतर सावकाश वाचता येते. नेटवर्कच्या मंडळींनी उलट करावं, दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण त्यांना स्विच माहीत असतो, फेड माहीत नसतो. शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे: नाट्यगृह, स्विच कुठे आहे, त्याची किल्ली कुणाकडे, क्वेरिअर कोणत्या यंत्रात, पत्ते, युनिव्हर्स, केबलचा रंग, शेवटचा बदल कधी आणि कुणी केला. पुस्तकातच भरू नका. झेरॉक्स काढा, पेन्सिलीने भरा, एक प्रत स्विचच्या झाकणाच्या आतून चिकटवा आणि दुसरी कन्सोलच्या पेटीत ठेवा.